गोधडी १ किलो ६०० ग्रॅमची, कुरियरचं बिल ५ किलोचं. पाठवण्याचा खर्च कसा कमी करू?

कृष्णाकाठची_गोधडी

नमस्कार मंडळी. कऱ्हाडजवळच्या गावात आम्ही आठ जणी हाताने गोधड्या शिवतो. जुनी लुगडी, धोतरं, सुती साड्या धुऊन कडक उन्हात वाळवायच्या, चार थर लावायचे आणि धावदोऱ्याने शिवायचं. बाळाची गोधडी मीटर बाय मीटर, वजन ४३० ग्रॅम, किंमत ६५० रुपये. मोठी, एकट्याला पुरेल अशी, १ किलो ६०० ग्रॅम, किंमत २,२०० रुपये. थोडा माल एका ऑनलाइन मार्केटप्लेसवर जातो, बाकीच्या ऑर्डरी इन्स्टाग्रामवरून येतात. त्या आम्ही कुरियर अ‍ॅग्रिगेटरमार्फत, म्हणजे अनेक कुरियर एकाच ठिकाणी बुक करून देणाऱ्या कंपनीमार्फत, पाठवतो.

अडचण पाठवणीच्या खर्चाची आहे. माल नीट पोचावा म्हणून आम्ही खोका वापरतो. मोठ्या गोधडीचा खोका ४२ × ३४ × १६ सेंमी, बाळाच्या गोधडीचा ३० × २५ × १०. बिलात मोठी गोधडी ५ किलोची धरलेली असते आणि बाळाची दीड किलोची. काट्यावर तर एवढं वजन नाही! परवा आसामात एक मोठी गोधडी गेली, तिचं बिल सहाशेच्या वर आलं. बाळाच्या गोधडीला महाराष्ट्राबाहेर दीडशेच्या आसपास लागतात.

बाळाची एक गोधडी शिवणाऱ्या बाईच्या हातात आम्ही २५० रुपये देतो. कुरियर दीडशे रुपये घेऊन जातो, कापड-दोरा-धुलाई वेगळी. मग गटाच्या खात्यात काही उरत नाही. गिऱ्हाइकाकडून वेगळे दीडशे मागितले की ते ऑर्डर अर्धवट सोडून जातं. शिवाय घरपोच पैसे देणाऱ्यांपैकी काही जण पार्सल घेतच नाहीत. ते परत येतं आणि जाण्यायेण्याचं दोन्हीकडचं भाडं आमच्याच अंगावर पडतं.

मजुरी कमी करायची नाही, हे गटात पक्कं ठरलेलं आहे. बाकी काय करता येईल? दुसरा कुरियर बघू का? पोस्ट स्वस्त पडेल का? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

---

कोल्हापूरचा_ग्रंथविक्रेता

ताई, आधी तीन-चार अ‍ॅग्रिगेटरचे दर शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकाच पिनकोडला फरक पडतो. मी जुनी पुस्तकं विकतो, मला त्यातून थोडाफार फायदा झाला. मात्र खोका सोडू नका. २,२०० रुपयांची वस्तू पिशवीत गेली तर गिऱ्हाइकाला कसं वाटेल?

---

कंदीलवाली_डोंबिवली

ताई, मी खणाचे आकाशकंदील आणि तोरणं विकते. हलका पण जागा खाणारा माल म्हणजे काय, हे माझ्याइतकं या धाग्यावर क्वचितच कुणाला भोगावं लागलं असेल. म्हणून सविस्तर लिहिते. कुरियर बदलण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा. तुमचे पैसे दरपत्रकात जात नाहीत, खोक्यातल्या हवेत जात आहेत.

कुरियर दोन वजनं काढतो. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. येतात ते किलो. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचे पैसे लागतात. काही कंपन्या जमिनीवरून जाणाऱ्या मालाला ५००० ऐवजी लहान आकड्याने भागतात, म्हणजे वजन आणखी वाढतं. तुमच्या करारात कोणता आकडा आहे तो आधी बघा. गाडीत किंवा विमानात जागा संपली की कुरियरची कमाई संपते, म्हणून तो जागेचे पैसे घेतो.

आता तुमचा मोठा खोका. ४२ × ३४ × १६ म्हणजे २२,८४८. भागिले ५०००, ४.५७ किलो. अर्ध्या-अर्ध्या किलोचे टप्पे असतात, वरच्या टप्प्यावर नेऊन झाले ५ किलो. बाळाचा खोका ७,५०० घनसेंमी, बरोबर दीड किलो. तुमचं बिल नियमाप्रमाणेच आलेलं आहे. त्याच्याशी भांडण्यात वेळ घालवू नका, पार्सलचं माप बदला.

एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा: २,५००. अर्ध्या किलोच्या टप्प्यात एवढे घनसेंटिमीटर बसतात. बाळाची गोधडी काट्यावर ४३० ग्रॅम आहे. साध्या कुरियर बॅगेत घातली तर ४५० च्या आसपास जाईल. म्हणजे वजनाने ती अर्ध्या किलोत बसतेच, फक्त आकाराने बसवायची आहे. २८ × २२ × ४ सेंमीची घडी केली तर २,४६४ होतात. बसली! ३० × २४ × ४ केली तर २,८८० होतात आणि १ किलोचे पैसे पडतात. घडीत दोन-दोन सेंटिमीटरचा फरक, पण टप्पा एक वरचा. म्हणून घडी अंदाजाने घालू नका. २८ × २२ चा एक जाड पुठ्ठा कापून घ्या, त्याच्यावर घडी घाला, मग पुठ्ठा काढून घ्या. आठही जणींना तोच पुठ्ठा द्या.

मोठ्या गोधडीचंही तसंच. ३८ × ३० × ८ ची घडी झाली तर ९,१२० घनसेंमी, १.८२ किलो, म्हणजे २ किलोचा टप्पा. हीच घडी ९ सेंमी जाड राहिली तर १०,२६० होतात, २ किलो ओलांडतात आणि अडीच किलोचे पैसे लागतात. ५ किलोवरून २ किलोवर येणं ही तुमची खरी बचत आहे. कोणताही कुरियर तुम्हाला दरात एवढी सूट देणार नाही.

घडी दाबायची कशी, ते सांगते. पंपाने हवा काढायच्या व्हॅक्यूम पिशव्या मी वापरून बघितल्या. कापड छान चपटं होतं, पण वाटेत पिशवीला बारीकसं छिद्र पडलं की ती परत फुगते, आणि हबवरचं, म्हणजे कुरियरच्या पार्सल वेगळी करायच्या केंद्रावरचं, मोजयंत्र फुगलेलं मापच धरतं. खर्चही दर नगामागे वाढतो. त्यापेक्षा घडी घातल्यावर वर पाट ठेवून त्यावर दहा मिनिटं वजन ठेवा, मग रुंद सुती नाडीने उभी-आडवी घट्ट बांधा. नाडी उरलेल्या साडीच्या काठाची केलीत तर गिऱ्हाइकाला ती आवडेलही. त्यावर आत पातळ पारदर्शक पिशवी आणि बाहेर मापाची कुरियर बॅग. बाहेरची बॅग सैल असेल तर तिची रिकामी टोकं दुमडून टेपने खाली चिकटवा. नाहीतर यंत्र त्या टोकांसकट लांबी मोजतं.

आतली पिशवी पावसाळ्यात कधीही गाळू नका. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा किती दमट असते तुम्हाला माहीत आहे. गोधडी पॅक करायच्या आधी ऊन दाखवलेली असलीच पाहिजे, नाहीतर पिशवीत कोंडलेला ओलावा वास धरतो. ऊन नसेल त्या आठवड्यात पाठवणी दोन दिवस उशिरा होईल असं गिऱ्हाइकाला सरळ कळवा. लोक समजून घेतात.

खोक्याबद्दल वर ग्रंथविक्रेते दादांनी लिहिलंय. पुस्तकांना खोका हवाच, कोपरे दुमडतात. गोधडीला कोपरेच नसतात, ती पडली-आपटली तरी काही होत नाही. तिला भीती फक्त पाण्याची आणि ब्लेडची. पार्सल उघडताना लोक सरळ ब्लेड मारतात, आणि हाताने शिवलेलं कापड फाटलं की ते काही परत जुळत नाही. म्हणून वरच्या बाजूला आत एक पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा आणि बॅगेवर "ब्लेड वापरू नका, इथून फाडा" असं मोठ्या अक्षरात चिकटवा.

माझे कंदील पूर्वी तयार जायचे, आता सुटे जातात. खणाचं कापड, कामट्या आणि जोडायची कृती, सगळं एका चपट्या पाकिटात. कंदील घरी जोडायला मुलांना मजा येते असं गिऱ्हाइकंच सांगतात. चार कंदिलांचं पार्सल आता पूर्वीच्या एका कंदिलाएवढ्या जागेत बसतं. तुमची गोधडी काही सुटी करता येणार नाही, पण दोन बाळांच्या गोधड्यांचा जोड, किंवा गोधडी आणि दुपटं असा संच करून बघा. दुसऱ्या अर्ध्या किलोला पहिल्या अर्ध्या किलोपेक्षा कमी दर असतो. एका पार्सलमध्ये दोन वस्तू गेल्या की प्रत्येकीवरचा भार उतरतो.

आणखी एक. ऑर्डर भरताना अ‍ॅग्रिगेटरच्या पानावर कुरियर आपोआप निवडला जातो, तो बऱ्याचदा हवाई मार्गाचा असतो. तिथे हाताने 'सरफेस', म्हणजे जमिनीवरून जाणारा, निवडा. गोधडीला घाई नाही. दीड-दोन किलोच्या मालाला २ किलोपासून सुरू होणारे सरफेसचे वेगळे दर असतात, ते अर्ध्या-अर्ध्या किलोने मोजण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतात. आसाम, ईशान्येची बाकीची राज्यं, जम्मू-काश्मीर यांना कुरियरवाले वेगळ्या झोनमध्ये टाकतात आणि दर चढे लावतात. तुमच्या सहाशेच्या बिलात मापाइतकाच या झोनचाही हात आहे. त्या भागासाठी पोस्ट बघा. पोस्टाबद्दल इथे आमच्यापेक्षा जाणते लोक आहेत, ते सांगतील.

---

कृष्णाकाठची_गोधडी

कंदीलवाली ताई, मनापासून आभार. दुपारीच पुठ्ठा कापून बाळाची गोधडी घडी करून पाहिली. २८ × २२ होते, पण जाडी साडेचार येते. दाबून ठेवल्यावर चार होईल असं वाटतं. एक शंका. आम्ही माप कमी दाखवलं आणि हबवर त्यांनी जास्त मोजलं, तर?

---

कंदीलवाली_डोंबिवली

होतं असं. त्याला वजनतफावत म्हणतात, अ‍ॅग्रिगेटरच्या पानावर त्याचा वेगळा विभाग असतो. पार्सल बंद केल्यावर तीन फोटो काढत जा: आकडा दिसेल असं काट्यावर ठेवलेलं, लांबी-रुंदीला टेप लावलेलं, आणि आडवं ठेवून जाडीला पट्टी लावलेलं. तिन्हींत लेबलवरचा एडब्ल्यूबी क्रमांक (पार्सलचा माग काढायचा नंबर) वाचता आला पाहिजे, नाहीतर हे त्याच पार्सलचे फोटो कशावरून, असं विचारतात. आक्षेप घ्यायची मुदत मोजकीच असते, ती करारात बघून ठेवा आणि दर आठवड्याला एका ठरलेल्या वारी तफावतीचं पान उघडत जा. मुदत गेली की जादा पैसे आपोआप वळते होतात.

काही अ‍ॅग्रिगेटरकडे एखाद्या वस्तूचं वजन आणि माप कायमचं मंजूर करून घेता येतं. तुमच्याकडे दोनच मापं आहेत, ही तुमची जमेची बाजू. दोन्ही मंजूर करून घ्या, मग रोजची कटकट नाही. काटा मात्र स्वतःचा, ग्रॅम दाखवणारा हवा. किराणा दुकानातून वजन करून आणलेलं चालत नाही.

जाडी साडेचार येत असेल तर घडी २७ × २० ची करा. २,४३० होतात, बसतं.

---

निवृत्त_टपालसेवक

माझी सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर झाली, म्हणून लिहितो.

ताई, पोस्ट तुमच्या सगळ्या मालाला स्वस्त पडेल असं मी म्हणणार नाही. स्पीड पोस्टच्या पार्सललाही आकारमानाचं वजन लागतं, त्यामुळे वर बाईंनी जे घडीचं गणित सांगितलं ते पोस्टातही करावंच लागेल. पण दोन ठिकाणी पोस्ट नक्की उजवं आहे.

पहिलं म्हणजे लांबचा पल्ला. पोस्ट दर ठरवतं ते अंतरावर. शिलाँग आहे की श्रीनगर, यावर वेगळा चढा झोन लागत नाही, इंधनाचा अधिभार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर आले. त्यात २५१ ते ५०० ग्रॅमला २०० किलोमीटरपर्यंत ७० रुपये आहेत आणि २,००० किलोमीटरच्या पलीकडे ९३, वर जीएसटी. हा तक्ता कागदपत्रांचा आहे, तुमची गोधडी पार्सल म्हणून जाईल आणि तिचा दर काउंटरवर वेगळा काढून मिळेल. तक्ता सांगण्याचं कारण एवढंच, की अंतर दहापट झालं तरी दर किती थोडा चढतो ते तुमच्या ध्यानात यावं. जवळच्या पल्ल्याला खासगी कुरियर परवडेल, लांबच्याला पोस्ट. दोन्ही ठेवा.

दुसरं म्हणजे खेडी. देशात सुमारे १ लाख ६४ हजार पोस्ट ऑफिसं आहेत, त्यातली बहुसंख्य ग्रामीण भागात. खासगी कुरियर पुष्कळ पिनकोडला "सेवा नाही" म्हणतात, किंवा तालुक्याला पार्सल ठेवून माणसाला बोलावतात. पोस्टमन दारात जातो. कोकणातल्या वाडीवर किंवा मेळघाटातल्या गावात गोधडी पाठवायची तर दुसरा विचार करू नका.

जुन्या लोकांसाठी एक खुलासा, कारण अजूनही बरेच जण "रजिस्टर करा" म्हणून येतात. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात द्यायचं असेल तर स्पीड पोस्टवर नोंदणीची जोडसेवा थोडे जादा पैसे भरून घेता येते.

महिन्याला बऱ्यापैकी पार्सलं असतील तर कऱ्हाडच्या मोठ्या पोस्टात जाऊन व्यवसाय ग्राहक म्हणून करार करायचा आहे असं विचारा. करारात महिन्याच्या उलाढालीवर सूट मिळते, आणि रोज रोख भरण्याऐवजी महिन्याचं बिल करता येतं. एकदोन पार्सलांसाठी कुणी लक्ष देणार नाही, पण आठ जणींचा गट आहे, महिन्याला अमुक पार्सलं जातात, असा हिशेब लिहून नेलात तर पोस्टमास्तर बसवून बोलतात. आमच्याकडे अशा बायका यायच्या तेव्हा मी स्वतः फॉर्म भरून द्यायचो. लाजू नका, विचारा.

लेबल घरून छापून किंवा ठसठशीत लिहून न्या. पिनकोड आणि मोबाइल नंबर चुकला की पोस्ट काय आणि कुरियर काय, पार्सल परत येणारच.

---

कोल्हापूरचा_ग्रंथविक्रेता

काका, धागा ताईंचा आहे, पण एक विचारतो. माझी नोंदणीकृत बुकपोस्टची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हापासून पुस्तकं महाग पडताहेत. दुसरी काही सोय आहे का?

---

निवृत्त_टपालसेवक

ज्ञान पोस्ट वापरता का? १ मे २०२५ पासून सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. जमिनीवरून जातं, वेळ लागतो, पण माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं. मासिकं, नियतकालिकं आणि जाहिरातींचा माल यात चालत नाही. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ही सोय आहे, तेव्हा तुमची बहुतेक पुस्तकं बसतील. गोधडीताईंना याचा उपयोग नाही.

---

हिशेब_सांगली

परत येणाऱ्या पार्सलांबद्दल कुणी लिहिलं नाही. ताईंचा दुसरा मोठा खड्डा तोच आहे, म्हणून लिहितो. मी छोट्या विक्रेत्यांचे हिशेब बघतो.

समजा जाण्याचं भाडं ८० आणि परतीचंही ८०. एक पार्सल परत आलं की १६० गेले. एका बाळाच्या गोधडीवर तुमच्या गटाला ८० रुपये उरत असतील, तर एक परत आलेलं पार्सल दोन विकलेल्या गोधड्यांची कमाई खातं. म्हणून भाडं दहा रुपयांनी कमी करण्यापेक्षा परत येणारं पार्सल थांबवणं जास्त मोलाचं.

घरपोच पैशांची ऑर्डर आली की त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर गोधडीचा प्रत्यक्ष फोटो पाठवा आणि पत्ता वाचून दाखवून होकार घ्या. हाताने शिवलेली वस्तू आहे, प्रत्येक गोधडीचे रंग वेगळे. "तुमची ही गोधडी आज निघतेय" म्हटलं की माणूस ती आपली मानायला लागतो. उत्तर आलं नाही तर पाठवू नका. त्याशिवाय यूपीआयने १०० रुपये आगाऊ घ्या, बाकीचे दारात. जो शंभर रुपये भरतो तो पार्सल सहसा नाकारत नाही. पूर्ण पैसे आधी भरणाऱ्याला ५० रुपये सूट द्या, कारण घरपोच वसुलीचं कुरियरचं शुल्क तुमचं तसंही वाचतं.

पार्सल पोचलं नाही की अ‍ॅग्रिगेटरकडून सूचना येते: दार बंद होतं, फोन उचलला नाही, वगैरे. त्या सूचनेला त्याच दिवशी उत्तर द्यायचं, गिऱ्हाइकाला फोन करून दुसरी वेळ घ्यायची. गटातल्या एका मुलीकडे हे एकच काम सोपवा. तीन फेऱ्या वाया गेल्या की पार्सल माघारी फिरतं आणि मग काही करता येत नाही.

आता कराचं. तुम्ही मार्केटप्लेसवर राज्याबाहेर विकता म्हणजे जीएसटी नोंदणी असणारच. कुरियरच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. अ‍ॅग्रिगेटरच्या खात्यात तुमचा जीएसटी क्रमांक भरलेला आहे का, ते आजच बघा. नसेल तर बिल तुमच्या नावावर चढत नाही आणि त्या कराची वजावट मिळत नाही. १०० रुपयांच्या भाड्यावरचे १८ रुपये तुमच्या देय करातून वळते करता येतात. ही वजावट नेहमीच्या नोंदणीला मिळते, कंपोझिशनला, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या ठरावीक दराच्या करयोजनेला, नाही. मार्केटप्लेस कापून घेतो त्या शुल्काच्या बिलांनाही हेच लागू, ती दर महिन्याला उतरवून घेत जा.

किमतीबद्दल माझं मत. गेल्या काही महिन्यांच्या ऑर्डरींचं एकूण भाडं काढा, पार्सलांच्या संख्येने भागा. जो आकडा येईल त्यातला मोठा भाग किमतीत घाला आणि भाडं म्हणून सगळ्यांना एकच छोटी रक्कम दाखवा, महाराष्ट्रात ४० आणि बाहेर ६० अशी. ६५० आणि वर दीडशे भाडं बघून जे गिऱ्हाईक निघून जातं, तेच ७२० आणि वर ४० ला थांबतं. मोठ्या गोधडीला भाडं मोफत लिहा, २,२०० मध्ये ते सामावता येतं.

---

माहेर_सातारा

मी बचतगटातर्फे मसाले पाठवते. एक सुचवू का? तुमच्या भागात लोणची, काकवी, हळद विकणारे दुसरे गट असतील. आम्ही तीन गटांनी मिळून कुरियरच्या माणसाला एकाच ठिकाणी रोज बोलवायचं ठरवलं. वेगळं वेगळं असताना दोन-तीन पार्सलांसाठी तो फिरकायचाच नाही, आता दररोज संध्याकाळी येतो. अ‍ॅग्रिगेटरकडेही महिन्याच्या पार्सलांच्या संख्येवर दराची पायरी असते, एकत्र बोललं तर खालची पायरी मिळते. बिलं मात्र ज्याच्या त्याच्या नावावरच ठेवा, नाहीतर वर दादांनी सांगितलेली कराची वजावट अडकेल.

पुण्या-मुंबईच्या दुकानाला किंवा प्रदर्शनाला गठ्ठा पाठवायचा असेल तर कुरियर नकोच. कऱ्हाड पुणे-बेंगळुरू महामार्गावर आहे, रात्रीच्या ट्रॅव्हल्स आणि एसटी दोन्हीकडून पार्सल जातं. पंचवीस-तीस गोधड्यांचं बोचकं सकाळी स्वारगेटला उतरवून घेणारं माणूस मात्र आपलं हवं.

---

कृष्णाकाठची_गोधडी

सगळ्यांचे खूप आभार. संध्याकाळी गटाची बैठक घेतली आणि हा धागा मोठ्याने वाचून दाखवला.

ठरलं ते असं. बाळाच्या गोधडीची घडी २७ × २० ची, मोठीची ३८ × ३०, दोन्हींचे पुठ्ठे कापून झाले. उरलेले खोके प्रदर्शनाला वापरू. जीएसटी क्रमांक बघितला, मार्केटप्लेसवर आहे, अ‍ॅग्रिगेटरच्या खात्यात रिकामा होता. तो भरला. घरपोच पैशांच्या ऑर्डरीला शंभर रुपये आगाऊ घ्यायचं ठरलं, त्यावर दोघींचं म्हणणं पडलं की गिऱ्हाईक बिचकेल. महिनाभर करून बघू.

काका, सोमवारी मोठ्या पोस्टात जाते. आठ जणींचा हिशेब लिहून नेते.

एकच प्रश्न उरला. सगळ्यात जाड गोधडी पाच थरांची असते, थंडीसाठी. ती दाबूनही ३८ × ३० × ११ च्या खाली येत नाही. तिचं काय करू?

---

कंदीलवाली_डोंबिवली

३८ × ३० × ११ म्हणजे १२,५४० घनसेंमी, अडीच किलोच्या टप्प्याच्या चाळीस घनसेंमी वर. तेवढ्यासाठी ३ किलोचे पैसे जातील. लांबी ३८ ची ३७ करा, १२,२१० होतात आणि अडीच किलोत बसते. पुठ्ठा तिसरा कापा आणि त्यावर मोठ्या अक्षरात "पाच थर" लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या गोधडीला चुकून तो लागणार नाही.